बाबांच्या शेजारची जागा

स्टूबेनव्हिल, ओहायो
९ सप्टेंबर २०१४

प्रिय लेलँड,

तू आणि मुली ठीक असाल असं धरून चालते. अकरा वर्षांत आपण नाताळच्या कार्डापलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा जाड पाकीट बघून तुला वाटेल, बाबा गेले. ते आहेत. जुलैत पडले, खुब्याचं हाड मोडलं, आता पुढच्या खोलीत पलंगावर असतात. दिवसा एक बाई येते, बाकी सगळं मी. परवा जिन्यात मधेच बसून राहिले; वर जायचं होतं की खाली, तेच आठवेना. तक्रार नाही. दमले आहे, एवढंच.

आपलं नदीकाठचं बेसबॉलचं मैदान मोडलं. लाकडी बाकं, पाट्या, सगळं ट्रकमध्ये भरून नेलं. मी गाडी थांबवून बघत बसले. दर रविवारी तिसऱ्या रांगेत आपण चौघं. आई मेणकागदात गुंडाळलेली अंड्याची सँडविचं काढायची, आणि तू पंचाच्या नावानं शंख करायचास, ‘‘अरे, डोळे घरी ठेवून आलास का?’’ आजूबाजूची माणसं हसायची. बाबाही हसायचे.

त्यांच्या शेजारी आधी तू बसायचास. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी तुला उठवून तिथे मला बसवलं. तू का म्हणून विचारलंस, तर म्हणाले, डेल मोठी आहे. तू दहा वर्षांचा होतास. सबंध सामनाभर तोंड फिरवून बसलास.

खरं कारण वेगळं होतं. बाबांना दिसत नव्हतं. कडेचं दिसायचं, मधलं सगळं धूसर. तू समजतोस तसं ते निवृत्तीच्या सुमारास सुरू झालं नाही, तेव्हाच झालं होतं. कारखान्यात क्रेन चालवणं त्यांनी पाठीच्या दुखण्याचं निमित्त सांगून सोडलं आणि कोठारात बदली मागून घेतली. डोळ्यांचं कळलं तर तीही नोकरी जाईल, या धास्तीनं आईलाही सांगितलं नाही. फक्त मला सांगितलं, कारण सामना कोणीतरी सांगायला हवा होता. मी त्यांच्या कानाशी पुटपुटायची. चेंडू उंच गेला, झेलला, डाव संपला. ते मान हलवायचे आणि बरोबर वेळी ओरडायचे.

इथवर लिहून मी उठले, त्यांची गोळी दिली, भांडी घासली. आता लिहिलं नाही तर राहूनच जाईल.

त्याच उन्हाळ्यात नदीपलीकडच्या गावात तुमच्या शाळेचा सामना होता. आईची बेकरीत पाळी होती, म्हणून बाबा आणि मी दोघंच आलो होतो. सगळी माणसं अनोळखी. तू चेंडू असा मारलास की तो कुंपणावरून पार तबेल्याच्या छपरावर जाऊन आपटला. सगळे उभे राहिले. बाबांनी माझा दंड धरून विचारलं, ‘‘कोणी मारला?’’

मी म्हणाले, ‘‘त्या उंच पोरानं. लँडिसनं.’’

का, ते मी त्रेचाळीस वर्षं शोधते आहे. खरं उत्तर लहानसंच आहे. त्या उन्हाळ्यात प्रथमच ते माझे होते. तुझं नाव सांगितलं असतं तर ते तुझे झाले असते.

तू धावत आलास आणि आमच्याकडे बघितलंस. ते बसून होते, हात मांडीवर. जेवताना ते तुला मनापासून म्हणाले, ‘‘जाऊ दे रे. पुढच्या वेळी तुलाही जमेल.’’ तू काटा खाली ठेवलास आणि बाहेर गेलास. कारखान्यात कोणीतरी त्यांचं अभिनंदन केलं, तर त्यांना वाटलं, संघ जिंकला म्हणून. पुढच्या वर्षी तू बॅट माळ्यावर टाकलीस. बाबा म्हणाले, पोराचं मन उडालं. मी गप्प राहिले.

आईच्या दफनाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर तू मला म्हणालास, ‘‘ज्या माणसानं मला कधी बघितलंच नाही, त्याला मी कशाला बघायला येऊ?’’ तेव्हाही मी गप्प राहिले.

गेल्या मंगळवारी दाढी करून देताना त्यांना सगळं सांगितलं. हातातला वस्तरा बाजूला ठेवून सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘किती लांब गेला होता?’’ मी तबेल्याचं छप्पर सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पुन्हा सांग. पहिल्यापासून.’’ मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा फेसासकट भिजला होता. ‘‘त्याला कळव,’’ म्हणाले. ‘‘फोनवर मला जमणार नाही.’’

तेव्हापासून ते माझ्याशी गोळ्या आणि पाणी यांपलीकडे बोललेले नाहीत. त्यांचं काही चुकत नाही. डॉक्टर म्हणतात, हा हिवाळा काढणं अवघड आहे. तू ये, असं म्हणायचा हक्क माझा नाही. ते तुला ऐकायला आसुसले आहेत, एवढं मात्र मी सांगू शकते. आलास तर मी वरच्या खोलीत राहीन, खाली येणार नाही. माफी मागत नाही. जे झालं ते तुला या वेळी जसंच्या तसं सांगितलं आहे.

त्या दिवशी तुझं नाव न घेतलेली तुझी बहीण,
डेल्फीन