बत्तीसच्या दोन गोळ्या

प्रिय अब्बा,

तुम्ही गेल्यापासून रोज मनातल्या मनात तुमच्याशी बोलते. आज मात्र कागद घेतला, कारण आज तुमच्या या केज गावातल्या बंदुकीच्या दुकानात मी एकटी पुरी पडले. हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

घाटनांदूरचे वामनकाका आले होते. त्यांच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर आता त्यांच्या परवान्यावर चढलंय. म्हणाले, "बत्तीस बोरच्या गोळ्या दे पोरी. भावाकडच्या सहा घातल्यात, अजून पायजेत."

"भावाकडं तर पिस्तूल हाय ना, काका?"

"मग? बत्तीसच हाय ते. बसल्यात की नीट."

मी रिव्हॉल्व्हरचं तोंड वाळूच्या पेटीकडं करायला लावलं, बोट घोड्यापासून लांब ठेवायला सांगितलं आणि आधी सगळ्या गोळ्या काढून घेतल्या. काका चिडले. "तुजा बाप कधी इतकं इचारत नव्हता."

खरंच विचारत नव्हतात, अब्बा? की गप्पांच्या नादात सगळं तपासून घेत होतात आणि कुणाला कळतही नव्हतं? मला ती कला अजून कुठं जमते!

त्यांच्या हातात भिंग दिलं. नळीवरचा छाप, गोळीच्या बुडावरची अक्षरं, खोक्यावरचं नाव, सगळं त्यांनाच वाचायला लावलं. "आकडा एकच, पण पिस्तुलाची गोळी वेगळी, काका. बसली म्हणून चालती असं न्हाई. जुनं हत्यार हातातच फुटायचं."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "आज सरावाच्या मैदानावर चाल्लो हुतो. लेक शेजारी हुबी राहणार हुती."

रिव्हॉल्व्हरच्याच गोळ्या घेऊन, खोकं पुन्हा एकदा स्वतः वाचून, हसत गेले.

एक जुनी गोष्ट मात्र मनाला लागून आहे. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही मला प्रत्येक खोकं मोठ्यानं वाचायला लावायचात. मी एकदा फणकारले, "माज्यावर भरवसा न्हाई का?" तुम्ही म्हणालात, "माज्यावर बी न्हाई, बेटा. म्हणून तर मी बी वाचतो." त्या रागात मी महिनाभर दुकानात पाऊल टाकलं नाही. तो महिना आता कुठून आणू?

पण आज मन शांत आहे. तुम्हाला शब्द देते, अब्बा: जिथं शंका असेल तिथं गोळी विकणार नाही, गिऱ्हाईक तुटलं तरी. आणि नाही म्हणताना आवाज चढवणार नाही. आज थोडा चढला होता.

तुमची लेक,
शबाना