कोळंबी बाउलचं आमंत्रण

नोव्हेंबर १६, शनिवार

टॉलो कॉलेजवाले जिंकले! फुटबॉलच्या मोसमातला नववा विजय! आणि माझ्या कोटावर उकडलेल्या कोळंबीचा डाग.

कोळंबी बाउलच्या निवड समितीचा जांभळा कोट घालून मी मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा बसलो होतो. मोसम संपल्यावरच्या या मानाच्या सामन्याला आम्ही दोनच संघ बोलावतो, म्हणून हा कोट दिसला की लहान कॉलेजांची गावं वेडी होतात. शेवटच्या मिनिटाला टॉलोवाल्यांनी मूठमूठ कोळंबी भिरकावली — आमचं बोलावणं हवंय, हे सांगायची त्यांची रीत. अर्धी मैदानात, अर्धी माझ्या अंगावर! त्यांचा कोच हॉलिस, म्हणजे माझ्या लोरेटाचा धाकटा भाऊ, लांबून हसत होता. यंदा निवृत्त होतोय. आजवर एकाही बाउलनं त्याला विचारलेलं नाही.

बाहेर पडताना खानावळवाली ओपल ट्रिम्बल आडवी आली. "अहो कोटवाले, आणखी काय करू आम्ही? नाचून दाखवू?"

समितीवाल्यानं अशा वेळी हसून पुढं जायचं असतं. मी थांबलो. म्हटलं, "आमच्या सामन्याची तिकिटं घेऊन ठेवा. आत्ताच. आमच्याकडं विजय मोजत नाहीत बाई, माणसं मोजतात."

नोव्हेंबर १८

बैठक. एक संघ ठरलेलाच आहे; वाद दुसऱ्या जागेचा. अध्यक्ष ग्रेडी व्हिटलॉक — समुद्रकाठची निम्मी हॉटेलं त्याची — त्याला थोरलं विद्यापीठ हवंय. सहा जिंकले, सहा हरले, कोचला हाकललं. पण सहा जिंकले की नियमात बसतं. पुढं सगळी मर्जी आमची.

"टॉलोनं नऊ जिंकलेत," मी म्हटलं.

"रॉस्को, विजय काय हॉटेलात खोली घेतात?"

सगळे हसले. मीही हसलो. पंक्चर काढत वर आलेल्या माणसाला हसणं लवकर जमतं.

नोव्हेंबर २८

थँक्सगिव्हिंग. हॉलिसनं टर्की दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही. भांडी पुसताना हळूच म्हणाला, "खरं सांग रॉस्को. पोरांना काय सांगू?"

"बॅगा भरायला सांग!"

लोरेटानं माझ्याकडं असं बघितलं — लग्नातही बघितलं नव्हतं.

डिसेंबर ३

तिकीट खिडकीवरची बाई चकित. कोण खेळणार ते ठरलं नाही, आणि अशी विक्री! मी शीळ घालत बाहेर पडलो.

डिसेंबर ८, रविवार

ग्रेडीनं विक्रीचा कागद टेबलावर आपटला. "बघा! विद्यापीठाचं नाव पेपरात नुसतं पेरलं, तर त्यांचे लोक तुटून पडले!"

"ती टॉलोची माणसं आहेत," मी म्हटलं.

"तुला कसं ठाऊक?"

सगळे जांभळे कोट माझ्याकडं वळले. समितीतलं कुणी बाहेर आतली गोष्ट सांगितल्याचं कळलं की त्याचा कोट काढून घेतात. हा कोट मिळावा म्हणून मी कितीक वर्षं ग्रेडीच्या गाड्यांचे टायर फुकट बदललेत.

"अंदाज," मी म्हटलं.

अंदाज!

विद्यापीठ ठरलं. मग प्रथेप्रमाणं पेपरवाल्यांसाठी ठराव 'एकमतानं' करायचा, म्हणजे सगळ्यांनी हात वर करायचा. केला.

डिसेंबर ९

हॉलिसचा फोन. शिवी नाही, काही नाही. "पोरांनी बॅगा भरल्या होत्या रे." एवढंच. दुसऱ्या कुठल्या बाउलनंही विचारलं नाही. लोरेटा भावाकडं निघून गेली. दार आपटलं असतं तरी बरं वाटलं असतं.

डिसेंबर २०

विद्यापीठाचे तीन चांगले गडी खेळणार नाहीत म्हणे — पुढं धंदेवाईक संघात जायचंय, तर आत्ता पाय जपतायत. विद्यापीठाच्या वाट्याची तिकिटं न खपता गठ्ठ्यानं परत आली. ग्रेडी म्हणतो, "येतील रे, ऐन वेळी येतील."

डिसेंबर २७

सामना. विद्यापीठाच्या बँडमागं ओस बाक. मधला भाग मात्र खचाखच — टॉलो! अख्खं गाव! अंगात त्यांचा तांबडा रंग नाही, आरडाओरडा नाही. चर्चचे कपडे घालून, मयताला बसावं तसे बसलेले. हातात कोळंबी नाही.

"तुमची तिकिटं परत घेत नाहीत म्हणे," ओपल म्हणाली. "म्हटलं, आपल्या जागेवर कोण खेळतं ते तरी बघून येऊ."

तिच्या शेजारी हॉलिस. त्याच्या शेजारी लोरेटा. मी जागेसाठी तिच्यापाशी उभा राहिलो. ती सरकली नाही.

डिसेंबर २८

सकाळीच ग्रेडीचा फोन. खूश! "बघितलीस गर्दी? हॉटेलं भरली! म्हटलं नव्हतं, ऐन वेळी येतील? पुढच्या वर्षी पुन्हा विद्यापीठच!"

मी म्हटलं, "ग्रेडी, ते सगळे टॉलोचे होते. तिकिटं घ्यायला त्यांना मी सांगितलं होतं. मी."

तो म्हणाला, "कोट धुऊन परत पाठव."

पाठवतो. न धुता.