निरोगी नमुना

३ जून
आज इतिहास घडला. पुढे मुलाखतीत लागेल म्हणून लिहून ठेवतो. आपल्या जंतूंत जनुकांचं सर्किट बसलं! आतड्याला सूज असेल तर त्या माणसाच्या नमुन्यात हे जंतू निळे होणार, नसेल तर पांढरेच. आणि हे सगळं मोहोपाड्याच्या एवढ्याशा लॅबमधून.

४ जून
तुलनेसाठी एक ठणठणीत पोट हवं. ज्युनिअर मेघा म्हणाली, व्हॉलंटिअर शोधू. काखेत कळसा अन् गावाला वळसा कशाला? माझाच शौचाचा नमुना दिला. लेबल: 'निरोगी'.

६ जून, सकाळी ९
निरोगी नमुना निळा. सर्किट बिघडलंय.
दुपारी: पोटात कळ. वडापावबरोबरचा ठेचा बाधला. उद्यापासून ठेचा बंद.

७ जून
ठेचा चालू. एकदम सोडणं शास्त्रीय नाही.

१० जून
पुन्हा निळा. रुग्णांच्या नमुन्यांपेक्षाही गडद! मेघाने चाचरत विचारलं, सर, सर्किट बरोबर असेल तर? भावनेच्या आहारी जाऊ नये, असं समजावलं. लॅब झाडणारे धाऊमामा म्हणाले, "सायेब, आग तुमच्या पोटात हाय, बाटलीत नाय." यांना जेनेटिक्स कोण सांगणार?

१४ जून
बायको म्हणते, दिवसातून आठ वेळा जाणारा माणूस निरोगी कसा? डॉक्टरकडे चला. ललिताला डेटा कळत नाही.

१९ जून
सर्किटची संवेदनशीलता निम्मी केली. तरी निळा.

२६ जून
आणखी निम्मी. फिकट निळा. प्रगती! वजन चार किलो उतरलं. धावपळ.

२ जुलै
यश! निरोगी नमुना पांढराशुभ्र. रुग्णांचेही पांढरेच आले, पण ते बघू नंतर. जुने, सदोष जंतू वाफेवर उकडून नष्ट केले. मेघा एक कुपी ठेवू म्हणत होती. ठाम नकार दिला.

८ जुलै
अनुदान देणाऱ्यांसमोर सादरीकरण. तिसऱ्या स्लाइडला कळ आली. उरलेल्या सतरा मेघाने दाखवल्या. मी टाळ्या संडासातून ऐकल्या.

११ जुलै, कर्जतचं हॉस्पिटल
दुर्बिणीने तपासणी झाली. मोठ्या आतड्याला सूज, चांगली जुनी. डॉक्टर म्हणाले, महिन्यापूर्वी कळलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. ललिता म्हणाली, जंतूंना कळलं होतं की.
मेघा भेटायला आली. ते जंतू पुन्हा बनवायला वर्ष लागेल म्हणाली. निरोगी नमुना धाऊमामा देणार आहेत.
माझी 'निरोगी' लेबलची पहिली बाटली अजून लॅबच्या फ्रीजमध्ये आहे. तिला निळं म्हणणारं आता कोणी उरलं नाही.
मऊ भात खाताना डोळ्यांत पाणी आलं. आज तर ठेचाही नव्हता.