सर्व्हरला भाऊ-बाई कळत नाही

आलापल्ली

आदरणीय, सन्माननीय राजदीपभाऊजीसाहेबांना, खाली मान घातलेल्या साळ्याचा सप्रेम जय भीम. (एवढे मानाचे शब्द कशाला लावले, ते पुढे कळेल.)

ताईची तब्येत बरी असेल, तुमचा खोकला थांबला असेल आणि तुम्हाला अजून राग आलेला नसेल, अशी आशा करतो. आला असेल तर पत्र ताईला वाचायला द्या.

आमच्या वनोपज संस्थेचा सर्व्हर तुम्ही चंद्रपूरला सांभाळता. तो झोपा काढतो अशी तक्रार अध्यक्ष गुणवंतरावांकडे गेली, म्हणून तुमचं काम काढून घ्यायचं घाटतंय. ती तक्रार मीच केली. नव्या प्रोग्राममध्ये सभासदाचं नाव टाकून शोधायचं असतं, आणि म्हाताऱ्यांपैकी कोणाचंच नाव सापडेना. बुधरीबाई मोहफुलाची टोपली घेऊन दोनदा परत गेली. मी गावभर तुमच्या सर्व्हरच्या नावाने खडे फोडले. गुणवंतराव म्हणाले, पुरावा आण. म्हणून मी ट्रेस चालू केला, म्हणजे आमचा कॉम्प्युटर काय विचारतो आणि तुमचा सर्व्हर काय उत्तर देतो, ते जसंच्या तसं उतरवून घेणारी सोय. फाईल उघडली आणि घाम फुटला. सर्व्हर बिचारा दर वेळी लगेच उत्तर देत होता. मीच विचारत होतो 'बुधरीबाई', 'सुकलूभाऊ'. (आईने वळणच लावलंय, मोठ्यांचं नाव बोडकं घ्यायचं नाही.) नोंदीत आहे नुसतं 'बुधरी', नुसतं 'सुकलू'. तो सांगायचा, या नावाचा सभासद नाही. त्याचं काय चुकलं?

लाज इथे संपत नाही, भाऊजी. वैतागून मी त्याच चौकटीत एकदा 'राजद्या झोपला काय बे' असं टाकलं होतं. तेही उतरलंय. त्यावरही सर्व्हरने शांतपणे कळवलं, या नावाचा सभासद नाही. साऱ्या गावाला भाऊ-बाई लावणाऱ्या माणसाने तुम्हाला एकट्यालाच बोडकं ठेवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुमचा
अंकुश

ता. क. तुमचं काम वाचवायला ती फाईलच पुरावा आहे. ती ओळ काढली असती, तर सोयऱ्यासाठी फाईल साफ केली म्हणाले असते, म्हणून गुणवंतरावांना अख्खी दिली. रविवारच्या सभेत ती मलाच मोठ्याने वाचायची आहे. तेवढं एक करा, सभेला जरा उशिरा या.

आणखी ता. क. बुधरीबाईला सारं सांगून माफी मागितली. टोपली रिकामी करता करता म्हणाली, "मले बाई नाई लावलं तरी चालते, बाबू. जवायाले त भाऊजी म्हनत जा."