गर्राटोलीचे इंजिन आणि चाकाखालचा ठोकळा

मी, सत्यभामा, कै. श्यामराव निंबार्ते यांची पत्नी, वय एकसष्ट, शिक्षण बी.ए. (नागपूर, १९४७), धंदा खनिज वाहतुकीचा ठेका, राहणार मौजा गर्राटोली, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, तो पुतण्या धनीराम याच्या समाधानासाठी. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालण्याइतके जवळचे कोणी उरलेले नाही. १९७४ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सर्व काही माझा एकुलता मुलगा श्रावण याच्या नावे होते. तो १४ जुलै १९७९ रोजी वारला.

कलम १. राहते घर, परसातील विहीर व चिंचेच्या झाडासह, धनीरामला द्यावे. तो चांगला आहे म्हणून नव्हे. माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा आहे म्हणून. चिंच तोडू नये. तोडणारच असेल, तर निदान नंतर सावली गेल्याची तक्रार करू नये, असे मी जिवंतपणीच बजावले आहे.

कलम २. अड्याळच्या शेतातील धानाची बांधी मला वडिलांकडून आली. ती आणि पोस्टातील बचत शकुनबाईला द्यावी. तिने एकवीस वर्षे माझ्या घरी स्वयंपाक केला. भाजीत मीठ कधी नीट पडले नाही, पण श्रावण गेल्यावर गावभर बायका माझ्याबद्दल बोलत होत्या तेव्हा ही एकटी बोलली नाही. मला विचारलेही नाही.

कलम ३. माझी पुस्तके तुमसरच्या वाचनालयाला द्यावीत. कपाटावर माझे नाव घालू नये.

कलम ४. आता इंजिनाविषयी. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने मध्येच सोडू नये.

खाणीपासून रेल्वेच्या सायडिंगपर्यंत पाच किलोमीटरचा अरुंद रूळ श्यामरावांनी टाकला. त्यावर वाफेचे एक जुने इंजिन होते. १९७२ साली बॉयलर तपासणाऱ्या साहेबांनी ते बाद केले. तोपर्यंत श्यामरावांना जाऊन चार वर्षे झाली होती. सगळ्यांनी ट्रक लावायला सांगितले. मी घाटावरच्या एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या लिलावात एक डिझेल इंजिन घेतले. तेथे त्याने वीस वर्षे ऊस ओढला होता आणि पुढची तीन वर्षे बाभळीच्या झुडपात उभे होते. ते आले तेव्हा ड्रायव्हरच्या पेटीत उसाचे वाळलेले कांडे आणि उंदरांचे घरटे निघाले.

डोमा गोमाजी शेंदरे हा वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणारा माणूस. इंजिन पाहून तो म्हणाला, "बाई, हे तं मेलेलं जनावर आणलं तुम्ही."

मी म्हटले, "मेलेले असते तर कारखान्याने पुरले असते. कामाला लाग."

त्याला इंग्रजी येत नव्हते आणि इंजिनाची माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. मी स्टुलावर बसून एकेक पान मराठीत सांगत असे. तो खाली पडून सांगितलेला भाग शोधत असे. "हे काय चावी होये का हो?" "चावी नाही, झडप. पुढे ऐक." असे एकोणीस दिवस चालले. माझ्या पदवीचा आयुष्यात झालेला उपयोग एवढाच. विसाव्या दिवशी इंजिनाने काळा धूर सोडला आणि डोमा रुळाशेजारी उकिडवा बसून हसत राहिला. श्रावण तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याने हॉर्न वाजवून वाजवून गावातली जनावरे बुजवली.

इंजिनात एक उणीव होती. ब्रेक इंजिनाने दाबलेल्या हवेवर चालत. हाताने आवळायच्या ब्रेकचे चाक जागेवर होते, पण खालचा स्क्रू गंजून तुटलेला होता. साखर कारखान्याची जमीन सपाट, तेथे कोणाचे अडले नाही. आमचा रूळ खाणीकडून सायडिंगकडे उतरता आहे. पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर लिहिले आहे की उतारावर इंजिन बंद करायचे असेल तर हातब्रेक आवळल्याशिवाय करू नये, कारण हवा हळूहळू उतरते. ते पान मी स्वतः डोमाला मराठीत सांगितले आहे. म्हणून आम्ही वाघिणींत खनिजाची भरणी चालू असताना इंजिन कधीच बंद करत नसू. स्क्रू बनवून घ्यायचे सहा वर्षे राहून गेले.

१९७९ साली डिझेल मिळेना. मी लेखी हुकूम काढला की भरणी होईपर्यंत इंजिन बंद ठेवावे.

डोमा कागद घेऊन आला. "बाई, हवा उतरते न जी. तुम्हीच वाचून सांगतलं होतं."

"चाकाखाली ठोकळे लाव."

"ठोकळा काय ब्रेक होये का?"

"डोमा, डिझेल तू आणून देणार आहेस का?"

त्याने ठोकळे लावले. रोज लावले. १४ जुलैला दुपारी बारा वाजता इंजिन बंद होते. उताराच्या बाजूला भरलेल्या वाघिणी उभ्या होत्या. श्रावण इंजिन आणि पहिली वाघीण यांच्यामध्ये उभा राहून जोडणीची कडी सरळ करत होता. ठोकळा फुटला. इंजिन दहा-बारा फूट सरकले. तेवढे पुरले.

मी कचेरीतून तेथे पोचले तेव्हा माणसे श्रावणभोवती होती. मी रुळाजवळ पडलेले ठोकळ्याचे दोन तुकडे उचलले आणि पदराखाली धरून घरी आणले. हे का केले ते मला तेव्हाही नीट कळत होते. ठोकळा सापडला असता तर पुढचा प्रश्न आला असता की इंजिन बंद कोणी करायला लावले. हुकुमाचा कागदही त्याच संध्याकाळी चुलीत घातला. त्याआधी, चार वाजता, उरलेल्या वाघिणी सायडिंगवर पोचवायला लावल्या. मी रडले नाही. लोक त्याला धीर म्हणाले, नंतर काहीजण कठोरपणा म्हणाले. ते दोन्हीही नव्हते. काही वाटतच नव्हते. आजही लिहिताना वाटत नाही, हेही नोंदवून ठेवते.

चौकशीला आलेल्या साहेबांनी डोमाला विचारले, "ठोकळा लावला होता?"

"लावला होता, साहेब."

"मग आहे कुठे?"

डोमाने माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या हजेरीपटाकडे पाहिले. डोमाचा निष्काळजीपणा ठरला. डिझेल इंजिन आल्यापासून तोच ड्रायव्हर होता; त्या कामावरून त्याला काढले. मी त्याला रूळ दुरुस्तीच्या टोळीत गँगमन म्हणून ठेवले आणि याला लोक माझा मोठेपणा म्हणाले. गावात तो दारू पिऊन होता अशी गोष्ट झाली. तो दारू पीत नाही. त्याच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. आठ वर्षे तो माझ्या घरासमोरून घमेले घेऊन जातो आणि "राम राम बाई" म्हणतो.

म्हणून मी असे जाहीर करते: १४ जुलै १९७९ रोजी डोमा गोमाजी शेंदरे याने चाकाखाली ठोकळा लावलेला होता. इंजिन माझ्या हुकुमाने बंद होते. पुरावा मी लपवला. श्रावणच्या मृत्यूला मी जबाबदार आहे, डोमा नाही. या मजकुराची प्रत व ठोकळ्याचे दोन्ही तुकडे मी चौकशी झालेल्या कार्यालयाकडे आजच पाठवत आहे आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आजच लागेल. बाकीची कलमे माझ्या मृत्यूची वाट पाहतील. एवढा भाग वाट पाहणार नाही. खटला झाला तर तो माझ्यावर होईल. धनीरामने घराची काळजी करू नये.

धनीराम गेल्या दिवाळीपासून मागे लागला आहे. "काकू, त्या डब्ब्याले कायले सांभाळून राहिली? ज्यानं श्रावणले नेला त्याचीच पूजा करतेस का? कापून भंगारात देऊन टाकू न!" मी पूजा करत नाही. लोखंडाने काही केलेले नाही. इंजिनाचे दोष दोनच होते: ते दुसऱ्याच्या सपाट जमिनीला सरावलेले होते आणि ते माझ्या हाती पडले. हातब्रेकचा स्क्रू मी १९८० साली बसवून घेतला आहे.

गेल्या मंगळवारी मी डोमाला बोलावून या कागदाचा पहिला मसुदा वाचून दाखवला. मसुद्यात इंजिन, रूळ आणि अवजारे त्याच्या नावे होती. वकील ताराचंद कटरे बसले होते.

डोमाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "मले ठाऊक होतं बाई. तुमच्या पदराखाली ते लाकूड म्या पाह्यलं होतं."

"मग साहेबांसमोर बोलला का नाहीस?"

"तुमचं पोरगं नुकतंच गेलं होतं. कसा बोलू जी?"

"आणि नंतर? आठ वर्षे?"

"नंतर तुम्ही बोलान म्हणून वाट पाहून राहिलो होतो."

मी त्याला पाणी दिले. त्याने प्यायले. मग त्याने वकिलांना विचारले, "या कागदावर साक्षीदार लागते न? मीच करतो सही."

वकील म्हणाले, "डोमाजी, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होणे बरे नाही. उद्या धनीराम हरकत घेईल."

"मंग इंजन खोडा."

"अहो, इंजिन आहे ते! विचार करा."

"आठ साल इचारच केला जी. इंजन कापू नका, चालू ठेवा, एवढं लिहा. म्या काय इंजन घरी बांधू का? पण या कागदाखाली माझं नाव पाह्यजे."

त्याचे म्हणणे मान्य करून मी लिहिते: इंजिन, रूळ, वाघिणी, श्रावणचे पाने व हातोडे आणि माहितीपुस्तिका गर्राटोली खाण मजूर सहकारी संस्थेला द्यावी. इंजिन चालण्याजोगे आहे तोवर कापू नये. आमच्या कामाचे उरले नाही, तर दुसरा एखादा छोटा रूळ शोधून तेथे पाठवावे. घेणाऱ्याला त्याच्या जमिनीचा उतार विचारावा आणि एकतिसावे पान त्याच्या भाषेत वाचून दाखवावे.

कलम ५. मला श्रावणला जाळले त्या जागेशेजारी जाळावे. तेरावे करू नये. भाषणे करू नयेत. धनीरामला तर मुळीच करू देऊ नये.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

ठिकाण: गर्राटोली
दिनांक: ११ नोव्हेंबर १९८७

सही: सत्यभामा श्यामराव निंबार्ते

साक्षीदार पहिले: ताराचंद भैय्यालाल कटरे, व्यवसाय वकिली, राहणार तुमसर. सही.

साक्षीदार दुसरे: डोमा गोमाजी शेंदरे, राहणार गर्राटोली, व्यवसाय ~~गँगमन~~ इंजिन ड्रायव्हर. सही.

(दुसऱ्या साक्षीदाराच्या व्यवसायातील खाडाखोड त्याने स्वतःच्या हाताने केली आहे. ती बरोबर आहे. स. श्या. निंबार्ते)