गेर्गेकाका, शेवट तुमचाच ठेवतो

प्रिय गेर्गेकाका,

सा. न. वि. वि.

तुमची प्रकृती कशी आहे? शेवटी शेवटी दमा फार छळायचा म्हणतात. आता जिने चढावे लागत नसतील, तेव्हा बराच असेल. आईंचे गुडघे? व्हायोलिन वाजवणारे तुमचे धाकटे बंधू? आणि स्टेशनापर्यंत गाडीमागे धावत आलेला तो कुत्रा, तो तरी तिकडे भेटला का? इकडे आम्ही ठीक. ठीक कसले! दोन दिवस अन्न गोड लागत नाही, म्हणून तर लिहायला बसलो.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मूळ चिपळूणचा, सातवी पास. बहारीनमध्ये एसी दुरुस्त करण्यात जन्म गेला, आता इथेच जनाबियाला मुलाकडे राहतो. नाटकाचं वेड जुनं. उद्या शुक्रवारी आमच्या मंडळात तुमचं नाटक आहे. मराठी मी केलंय. आणि शेवट खोटा केलाय, काका! हे मला परवा कळलं.

कसं झालं ते सांगतो. तरुणपणी इथल्याच गुदैबियात एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. एकदा टीव्हीवर तुमच्या नाटकावरचा सिनेमा लागला. बोलणं इंग्रजी, खाली अक्षरं अरबी. माझी दोन्हीकडून बोंब! रत्नागिरीच्या कमरुद्दीनला अरबी वाचता यायचं, तो आम्हाला सांगत होता.

"काय म्हणाली रे ती?"

"थांब ना, आधी वाचू तर दे! गेली ना अक्षरं!"

अशी तुकड्यातुकड्यांनी गोष्ट कळली. घड्याळं दुरुस्त करणारा नवरा कामासाठी मोठ्या शहरात जातो. बायको रोज संध्याकाळी त्याचं ताट मांडते. अकरा वर्षांनी तो परत येतो, आणि दोघं समोरासमोर जेवायला बसतात. खलास! आम्ही चौघंही घरापासून लांबचे, चौघंही ढसाढसा रडलो. ती गोष्ट मी इतकी वर्षं उराशी धरली आणि यंदा तशीच्या तशी कागदावर उतरवली.

परवा माझी नात इरा अदलियाच्या एका दुकानातून तुमचं जुनं पुस्तक घेऊन आली. पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. म्हणाली, "आजोबा, धिस इज नॉट हाऊ इट एंड्स."

मग तिने वाचून दाखवलं. तुमच्या नाटकात बायको त्याला ताट वाढते, गरम रस्सा, पाव, सगळं. मग कोट घालते आणि दार ओढून निघून जाते. तो एकटाच जेवतो. पडदा!

प्रस्तावनेत लिहिलंय, त्यावर तीन सिनेमे निघाले आणि तिन्हींनी दोघांना जेवायला बसवलं. दुसरा पाहताना तुम्ही शेवटाआधीच उठून बाहेर गेलात म्हणे. देश सुटलेला, परक्या शहरात भाड्याची खोली, परक्याच भाषेत लिहिणं. काय वाटलं असेल तुम्हाला, ते मला थोडं कळतं. पण काका, पहिल्यांदा फसलात, समजू शकतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा होकार का दिलात? तेव्हाच नाही का म्हणाला नाहीत? आज माझ्यावर ही वेळ आली नसती!

काल तालमीत सांगितलं, शेवट बदलायचा. बायकोचं काम करणारी मेघना बँकेतून थेट आली होती, दमलेली. उखडलीच. "काका, शुक्रवारी प्रयोग, आज बुधवार! मफी शेवट, मफी मेघना!" इकडच्या अरबीत मफी म्हणजे नाही. पण तिने पान वाचलं. मग हळूच म्हणाली, "करते."

नवऱ्याचं काम मीच करतोय. दुसरं कुणी मिशी काढायला तयार नाही! पण मला धास्ती मिशीची नाही. पहिल्या रांगेत सुमती असणार, माझी बायको. मी इथे आणि ती चिपळूणला, अशी सतरा वर्षं काढली आम्ही. तिच्यासमोर ती बाई निघून जाणार, आणि मी तिथे बसून जेवणार?

म्हटलं, आधी घरी सांगून टाकू. सुमती वाल सोलत होती. मी गोष्ट सांगितली.

"मग? गेली ती?"

"गेली."

"बरं केलं. गाडी मिळाली का तिला?"

इरा फिस्सकन हसली. सुमती सोलतच राहिली. मग म्हणाली, "जेवली होती का पण?"

मी आणि इराने तिन्ही अंक उलटेपालटे केले. ती रोज ताट मांडते, पण तिला कुणी विचारत नाही. "नाही गं, कुठेच नाही," मी म्हटलं.

"नसणारच. पत्रातसुद्धा कुठे कोण विचारायचं!"

काका, मी पत्रं अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या नावे पाठवायचो. ते पडवीत बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. अण्णांचा खोकला, आईचे डोळे, कपिलेचं वासरू, आंब्याची कलमं, एकेकाची चौकशी करायचो. शेवटी "बाकी सर्वांस यथायोग्य". सुमती त्या बाकीत. वडिलांपुढे बायकोचं नाव कसं काढायचं? तेव्हा रीतच तशी. ती दाराआड उभी राहून शेवटपर्यंत ऐकायची, हे मला काल कळलं.

आणि आता या पत्रातच वर बघा! आईंची चौकशी झाली, बंधूंची झाली, कुत्र्याचीही झाली. तुमच्या बायकोचं विचारायचं राहिलंच. प्रस्तावनेत त्यांच्यावर एकच ओळ आहे. मागाहून येणार होत्या, आल्या नाहीत. ती ओळ वाचूनही मी विसरलो. हाडात मुरलेली सवय, कशी जायची?

तर वचन देतो, शेवट तुमचाच राहील. मेघना कोटाऐवजी शाल घेईल आणि जाईल. कुणी कितीही म्हणो, त्यांना जेवायला बसवणार नाही. फक्त एक वाक्य माझं. ती दाराशी पोचली की मी विचारणार, "तू जेवलीस का गं?" ती उत्तर न देता जाईल. तुमच्या नाटकात हात घालणारा चौथा म्हणून रागवाल का? की तुमचंही विचारायचं राहून गेलं होतं?

हे वाक्य मी सुमतीला सांगितलेलं नाही. मेघना गप्प राहील हो, पण पहिल्या रांगेतून उत्तर आलं तर मी काय करू? हल्ली ती ऐकून घेत नाही!

उद्या साडेसहाला तिसरी घंटा. त्याआधी काय ते कळवा. पण काकू कशा आहेत, ते सगळ्यात आधी लिहा. लवकर लिहा, वाट पाहतोय.

आपला,
दत्ताराम