सातही पाठ आहेत

१ मार्च, अल्माटी
दमलो. पण बस-तिकिटांच्या प्रोग्राममधला ‘प्रवासी’ क्लास, म्हणजे प्रवाशाच्या माहितीचा साचा, उभा राहिला. त्याच्या वर सात क्लास, एकातून एक उतरलेले. टेस्टिंगच्या रौशन आपाय, म्हणजे रौशनताई, म्हणाल्या, दोनात भागलं असतं. असतं. पण कझाक माणसानं दोनावर थांबायचं?

नौरोजला, नव्या वर्षाच्या सणाला, होणाऱ्या बायकोच्या, साल्तनतच्या वडिलांना माझे सात पूर्वज तोंडपाठ ऐकायचेत. त्यांच्या सातांतलं एक जरी नाव माझ्यात निघालं, तर मी तिचा आगा, म्हणजे थोरला भाऊ. लग्न रद्द. बाबा, आजोबा, पणजोबा येतात. उरलेले चार गावी काकांना विचारायचे. उद्या नक्की.

४ मार्च
फोन राहिला. एडिटरमध्ये बाजूला क्लासच्या प्रॉपर्टी, म्हणजे नाव-पत्ता असले रकाने, दिसतात. वरच्या पिढ्यांच्याही. यादी संपता संपेना. ‘वारशानं आलेल्या दाखवा’वरची टिक काढून टाकली. वर काय आहे ते मला पाठ आहे. मीच लिहिलंय.

८ मार्च
महिला दिन. साल्तनतला ट्यूलिप दिले. चहा घेताना तिनं तिचे सात पूर्वज म्हणून दाखवले, दोनदा. म्हणाली, काही घोळ असेल तर आत्ताच कळू दे. मी प्रत्येक नावाला मान हलवली. डोक्यात ‘प्रवासी’. जन्मतारखेची प्रॉपर्टी कुठंच दिसत नाही. तिनं विचारलं, ऐकतोयस ना? म्हटलं, शब्द न् शब्द.

११ मार्च, सकाळी
जन्मतारीख दिसत नाही म्हणजे नाहीच. नवी घातली. काकांकडे रेंज नसणार, म्हणून फोन लावला नाही.

१६ मार्च
चाचणीच्या बसमध्ये म्हाताऱ्यांची सवलत गायब. एका आजीनं ड्रायव्हरचा उद्धार केला. रौशन आपायनी येऊन टिक परत लावली. जन्मतारीख वर तिसऱ्या पिढीत होतीच. तारखा तिथं भरल्या जातात, वाचली जाते माझी कोरी. वरची कोणी लिहिली? मीच. आपाय म्हणाल्या, वर कोण बसलंय ते आधी बघत जा रे बाबा. बाईंना डिझाइन कळत नाही.

२१ मार्च
काका फोन उचलत नाहीत. मेंढ्या वितायत, कुरणावर असतील. हरकत नाही. असल्या गोष्टी रक्तात असतात, ऐनवेळी आठवतात.

२२ मार्च
साल्तनतकडे मटणाचं बेशबरमाक उत्तम होतं. वडिलांनी विचारलं. तीन नावं सांगितली. मग डोळे मिटले आणि चौथं आलं! पाचवं, सहावं, सातवं, धडाधड. स्वतःचंच कौतुक वाटलं.

वडिलांनी चहाचा वाडगा खाली ठेवला. म्हणाले, चौथ्यापासून सगळे आमचे.

सांगणार होतो, ही साल्तनतकडूनच ऐकलीत. पण मग तुझे चार कुठायत, असं विचारलं असतं. ती एक वाक्य बोलली असती तरी निभावलं असतं. फार वाईट वाटलं. ऐकत होतो याचा पुरावाच दिला ना मी?

दारापर्यंत सोडायला आली. बूट पुढे सरकवले. म्हणाली, जपून जा, आगा.